देवळाच्या दारातली वेल

करुणादास महाराज मूळचे कोठले, हे मोहठाणच्या माणसांना शेवटपर्यंत कळले नाही आणि महाराजांनीही ते कधी सांगितले नाही. मोहठाण हे कादवा नदीच्या वळणावरचे द्राक्षमळ्यांचे लहानसे गाव. एका कडक उन्हाळ्यात खांद्यावर एकतारी, काखेत फडक्यात बांधलेले पवित्र शास्त्र आणि अंगात जाडाभरडा पांढरा अंगरखा अशा वेशात महाराज नदी उतरून आले, ख्रिस्ती वस्तीतल्या देवळाच्या ओट्यावर टेकले आणि तेथलेच झाले. आठवड्यातले पाच दिवस ते आसपासच्या गावांतून प्रभू येशूच्या प्रेमाची कीर्तने करीत हिंडत. शनिवारी दुपारी मात्र न चुकता मोहठाणला परत येत. त्यांच्या प्रार्थनेने बऱ्या झालेल्या दुखण्यांची आणि मिटलेल्या भांडणांची वर्णने भाविक लोक पुष्कळ करतात, आणि ती खरीच आहेत. पण आज सांगायची आहे ती एका वेलीची आणि एका कात्रीची कथा. देवाने एकदा मारले म्हणजे कायमचे टाकले, असे ज्याला वाटत असेल त्याने तर ती ऐकायलाच हवी.

देवळाच्या दाराशी एक जुनी द्राक्षवेल होती. पांगाऱ्याच्या खुंटावर चढून तिने दारावर मांडव धरला होता आणि आत शिरणाऱ्याला तिच्याखालून वाकूनच जावे लागे. दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या गुरुवारी प्रभुभोजन होई. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सारे जण मोडलेली भाकर आणि एकाच पेल्यातला द्राक्षरस घेत, आणि तो रस याच वेलीच्या घडांचा असे. बाहेरचे द्राक्ष त्या पेल्यात कधी पडले नव्हते. ही वेल देवाची, असे सारी वस्ती मानी, आणि लहान मुलेसुद्धा तिचा मणी तोडीत नसत.

या वेलीची छाटणी सीलासकडे होती. सीलास हा गावातला सर्वांत चांगला छाटणीवाला. द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात, हे मळेवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. चैत्रात होते ती खरड छाटणी. तिच्यात वेल इतकी आखूड करतात की पाहणाऱ्याचा जीव कळवळावा. मागे उरतात ती नुसती काष्ठे. मग आश्विनात होते ती गोड छाटणी. तेव्हा फळाचा डोळा ओळखून त्याच्या पुढे कात्री लावायची आणि त्या डोळ्यातून घड फुटायचा. डोळा चुकला की वर्ष गेले. सीलासचा डोळा कधी चुकत नसे. लोक म्हणत, सीलासच्या कात्रीलाच डोळे आहेत. लोक म्हणत होते तोवर ठीक होते. पुढे सीलास स्वतःच ते म्हणू लागला.

एका आश्विनात दौलतरावांच्या मळ्यातली छाटणी संपली आणि दुपारी गड्यांना जेवण घातले गेले. दौलतराव म्हणजे गावातले सर्वांत मोठे मळेवाले आणि ख्रिस्ती मंडळीचे मुख्य पंच. जेवणाआधी मोहाच्या दारूचे मडके फिरले. मडके आले कोठून हे कोणी विचारले नाही, कारण मुख्य पंचांनी त्या दुपारी आपले पंचपण घरी खुंटीला टांगून ठेवले होते. सीलासने दोन वाट्या घेतल्या आणि नेहमीचे बोलणे सुरू केले.

"आख्ख्या तालुक्यात आपल्यासारखा हात न्हाई," तो म्हणाला. "डोळे मिटून छाटीन."

"मग डोळे बांधले तरी चालेल की," दौलतराव म्हणाले आणि सगळे हसले.

"बांधा."

आपल्या मळ्यातली वेल पुढे करण्याइतके दौलतराव भोळे नव्हते. "देवळाची वेल राहिलीच आहे अजून," ते म्हणाले. हसत, खिदळत सगळी माणसे देवळाच्या दाराशी गेली. महाराज कीर्तनाला बाहेरगावी गेलेले. दौलतरावांनी खांद्यावरचे जरीकाठी उपरणे काढले आणि स्वतःच्या हाताने सीलासच्या डोळ्यांवर घट्ट बांधले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सीलासने वेलीला हात लावला आणि कात्री चालवली. पहिली फांदी बरोबर छाटली गेली, दुसरीही. मग त्याला चेव आला. खोडातून दोन्ही अंगांना गेलेले जुने जाड हात असतात, त्यांना मळेवाले ओलांडे म्हणतात. साऱ्या वेलीचा भार त्यांच्यावर असतो. सीलासने दोन्ही मुठींनी जोर करून एक ओलांडा तोडला, मग दुसरा. तेव्हा गर्दीतून त्याची बायको रिबका ओरडली. त्याने उपरणे ओढून काढले आणि पाहिले. दारावरचा मांडव खाली आला होता आणि पांगाऱ्यावर नुसता बोडका बुंधा उरला होता.

टाळ्या वाजवणारी माणसे एकेक करून निघून गेली. दौलतरावांनी खाली पडलेले उपरणे उचलले, झटकले आणि तेही गेले.

शनिवारी महाराज परतले. वेलीपाशी ते बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी सीलासला बोलावणे धाडले. सीलास आला तो मान खाली घालूनच. पंचही जमले होते. दौलतराव सर्वांत पुढे होते.

"कात्री कोणाच्या हातात होती?" महाराजांनी विचारले.

"माझ्या."

"आणि डोळे कोणी बांधले?"

दौलतराव वेलीकडे पाहू लागले. सीलासने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा जमिनीकडे. एक नाव घेतले असते तर निम्मे ओझे उतरले असते. पण तो म्हणाला, "डोळे माझेच व्हते, महाराज. म्याच बांधू दिले."

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "सीलास, तुझ्या हातातली कात्री तुझी नव्हती, ती देवाने दिलेली होती. तिचा तू खेळ केलास. आण ती इकडे." सीलासने कमरेची कात्री काढून दिली. "आजपासून कोणत्याही वेलीला तू कात्री लावायची नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी उंबरठ्याच्या आत यायचे नाही. पाणी मात्र या वेलीला रोज तूच घालशील." मग पुढे होऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी शिक्षा देतो आहे, सोडून देत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस."

सीलासने मान हलवली. पण ज्याला शिक्षा झाली आहे त्याला पुढचे वाक्य ऐकू येत नाही, तसेच त्याचे झाले. महाराज कात्री घेऊन मळ्याकडच्या विहिरीच्या वाटेने गेले आणि रिकाम्या हाताने परतले. कात्री विहिरीत टाकली, असे गावात झाले. सीलासही तेच धरून चालला.

अशी तीन वर्षे गेली. सीलास रोज सकाळी नदीवरून दोन घागरी आणून वेलीच्या बुडाशी ओती. बुंध्याला फूट आली, पाने आली, वर्षभरात नवे हात पांगाऱ्यावरून दारावर गेले. छाटणी आता दुसरे गडी करीत, पण घड म्हणून दिसला नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही, तीन वर्षे नाही. प्रभुभोजनाच्या पेल्यात आता दौलतरावांच्या मळ्यातला रस येऊ लागला, आणि तो आणताना दौलतराव दारातून जरा सावकाशच चालत, म्हणजे सर्वांना नीट दिसावे. त्या दिवशी आत गाणी चालत, आणि सीलास उंबरठ्याबाहेरच्या दगडावर, पानांच्या सावलीत बसून ती ऐके. पेला पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत फिरे आणि उंबरठ्याशी येऊन माघारी वळे. मुख्य पंच म्हणून तो दौलतरावच फिरवीत.

सीलासला दुसरे काही नको होते. कात्री नको होती, मान नको होता. त्या पेल्यातला एक घोट मिळावा, म्हणजे देव अजून आपला आहे हे कळेल, एवढेच त्याचे मागणे होते.

तिसऱ्या वर्षी इतर पंचांना त्याची दया आली. आता त्याला आत घ्यावे, असे ते म्हणाले. पण साऱ्या पंचांचे एकमत झाल्याशिवाय बाहेरचा माणूस आत येत नसे, आणि दौलतरावांना ते मंजूर नव्हते. का नव्हते हे त्यांनाच ठाऊक. सीलास उंबरठ्याबाहेर आहे तोवर त्या दुपारची सगळी चूक उंबरठ्याबाहेर आहे, असे काहीसे त्यांच्या मनात असावे. ते मोठ्याने हसले आणि सीलासला ऐकू जाईल असे म्हणाले, "घेऊ की. ज्या वेलीला याने वांझ केले, तिचा रस ज्या दिवशी पेल्यात येईल, त्या दिवशी मी स्वतः पेला उंबरठ्याबाहेर नेईन. तोवर देवाने छाटलेली फांदी आपण कशाला जोडायची?"

हे बोलणे गावभर झाले. पोरेसोरेही येता-जाता विचारू लागली, "सीलासबा, घड आला का?" सीलास हसून म्हणे, "येईल." म्हणायला तो म्हणे, खरे म्हणजे त्याची आशा सुटत चालली होती. महाराज शनिवारी येत, वेलीवरून हात फिरवीत, त्याला घरचे बरेवाईट विचारीत. शिक्षेबद्दल एक अक्षर काढीत नसत. सीलासला वाटे, महाराज विसरले. आणि महाराज विसरले, तर देवाला कोठून आठवण असणार?

चौथ्या वर्षी सणाच्या आधी दौलतरावांनी जाहीर केले की सण झाल्यावर ती वेल उपटायची आणि दारापुढे दगडी मंडप बांधायचा. दगड त्यांनीच आणवले. पाने नुसती खाली पडतात आणि आत अंधार होतो, असे त्यांचे म्हणणे होते. कोणी विरोध केला नाही. सीलास त्या दिवशीही दोन घागरी पाणी घालून आला. उपटायच्या वेलीला पाणी कशाला, असे कोणीतरी म्हणालेच.

सणाच्या आठवड्यातला सोमवार होता. साऱ्या मळ्यांत घड पिकून मांडव वाकले होते. दुपारी पश्चिमेकडून काळे आभाळ आले आणि गारा कोसळू लागल्या. लिंबाएवढ्या गारा. माणसे घरांत पळाली, गुरे हंबरू लागली. सीलास घरातून उलट बाहेर पळाला. देवळाच्या दाराशी जाऊन त्याने खांद्यावरची घोंगडी वेलीच्या बुंध्यावर टाकली आणि तिच्यावर स्वतः ओणवा झाला. पाठीवर गारांचा मारा चालला होता. तो दात खाऊन तसाच राहिला. "हिला न्हाई, हिला न्हाई," एवढेच त्याच्या तोंडून निघत होते. अर्ध्या घटकेत सारे थांबले.

गाव बाहेर आले तेव्हा मळ्यांतून मांडवच आडवे झाले होते. घड चिखलात पडून लगदा झालेले. दौलतरावांच्या मळ्यात शाबूत मणी शोधूनही सापडेना. देवळाच्या वेलीची वरची पाने आणि कोवळे हात तुटून दारात लोंबत होते. बुंधा तेवढा घोंगडीखाली राहिला होता. आजूबाजूच्या गावांचीही तीच गत होती. त्यात कादवेला पूर चढला आणि बाजाराच्या गावाला जायची वाट बंद झाली. गुरुवारी पेल्यात काय घालायचे, हा प्रश्न पंचांसमोर उभा राहिला.

संध्याकाळी रिबका सीलासच्या पाठीला हळद लावत होती. पाठ काळीनिळी झाली होती. तो म्हणाला, "म्या काय वाचवलं? वांझ खोड. तेबी चार दिसांनी उपटणार. रिबका, देवानं मला कवाच टाकलंय, मीच दारात बसून ऱ्हायलोय."

"टाकलेल्या माणसाची पाठ असली दुखत न्हाई," रिबका म्हणाली. ती फटकळ बाई होती. "माझा बाप मला मारायचा, तवा मारून झालं की दाराआड उभा ऱ्हायचा. मी रडायची थांबले का ते ऐकायला. मला वाटायचं, गेला. तो तिथंच असायचा."

"तुजा बाप व्हता. ह्यो देव हाय."

"मग जास्तच असंल की," ती म्हणाली आणि हळदीची वाटी उचलून आत गेली.

गुरुवारी सकाळी महाराज आले. पुराच्या पाण्यातून कसे आले हे कोणी विचारले नाही. अंगरखा छातीपर्यंत भिजलेला होता आणि पवित्र शास्त्राचे गाठोडे त्यांनी डोक्यावर धरले होते. सारी वस्ती देवळाच्या अंगणात जमली होती. पंच म्हणत होते, यंदा प्रभुभोजन नाही. दौलतरावांचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज उतरला नव्हता. "देवाचाच कोप झाला," ते म्हणाले. "दारात पापाचा बुंधा ठेवून घेतला, त्याचं हे फळ. आजच उपटून टाका."

महाराजांनी सीलासला शोधले. तो नेहमीप्रमाणे मागे, त्याच्या दगडापाशी उभा होता.

"सीलास," महाराज म्हणाले, "गारांनी मोडलेले हात दारात लोंबताहेत. आत जाणाऱ्याच्या डोळ्यांत जातील. छाटून वेल साफ कर."

सीलासला वाटले आपण चुकून ऐकले. "मी? महाराज, कात्री कुठं हाय माझी? ती तर विहिरीत..."

महाराज ओट्यावर बसले आणि त्यांनी गाठोडे सोडले. पवित्र शास्त्राच्या खाली आणखी एक फडके होते, तेलाने पिवळे पडलेले. ते त्यांनी उलगडले. आत सीलासची कात्री होती. पात्यांवर गंजाचा ठिपका नव्हता. धार अशी की नुकतीच सहाणेवरून आल्यासारखी. महाराजांनी ती उघडून मिटली. आवाजसुद्धा झाला नाही.

सीलास कात्रीकडे नुसता पाहत राहिला.

"विहिरीवर मी ती धुवायला नेली होती आणि अंगरख्यात ठेवून आणली," महाराज म्हणाले. "वेलीचा चीक लागला होता तिला. तेव्हापासून जेथे गेलो तेथे ती माझ्याबरोबर होती. दर शनिवारी येथे येऊन आधी तिला तेल लावले आणि मगच शास्त्र उघडले. अरे, जी फेकायची असते तिला कोणी साडेतीन वर्षे तेल लावीत बसते का? मी एक साधा माणूस, मला तुझी आठवण राहिली. ज्याने तुला घडवले तो तुला विसरला, असे तुला वाटलेच कसे? चैत्रात खरडून छाटतो तो माळी वेल सोडून जात नाही. आश्विनात परत येतो तो तोच असतो."

सीलासला हुंदका फुटला. इतक्या वर्षांत तो लोकांसमोर रडला नव्हता. त्याने दोन्ही हातांनी कात्री घेतली, कपाळाला लावली आणि वेलीपाशी गेला. डोळ्यांत इतके पाणी की समोरचे काही दिसेना. डोळे पुन्हा बांधल्यासारखेच झाले होते. पण या वेळी त्याने घाई केली नाही. प्रत्येक मोडका हात आधी बोटांनी चाचपला, जिवंत कोठवर आहे ते पाहिले आणि मगच छाटला. असे करत करत तो बुंध्यापर्यंत आला. घोंगडी सोमवारपासून तशीच होती, ती त्याने बाजूला केली. त्या दिवशी तोडलेल्या ओलांड्याचा थोटका त्याच्या हाताला लागला. त्या जागेला तो कधी हात लावीत नसे. आज लावला, आणि थोटक्याच्या खाली बोटांना काहीतरी गार, जड लागले.

त्याने बाहीने डोळे पुसले. जुन्या घावाच्या अगदी कडेतून फुटलेला एक देठ होता आणि देठाला घड होता. पिकलेला, टपोरा, मण्यांवर पांढरी साय धरलेला. एकाही मण्याला गार लागलेली नव्हती.

सीलास त्या वेलीचे पान न् पान ओळखत होता. सोमवारी तो याच बुंध्यावर ओणवा होता. तेव्हा तेथे घड नव्हता, हे तो शपथेवर सांगू शकला असता. आणि जुन्या वाळल्या थोटक्यातून घड येत नाही, हे तेथला प्रत्येक मळेवाला जाणत होता. त्याने फक्त बोट दाखवले. माणसे वाकून पाहू लागली आणि मागे सरकू लागली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

दौलतरावही वाकले, पण ते लगेच सरळ झाले. "एक घड," ते म्हणाले. "बरं, एक घड आला. दोनशे माणसं आहेत. ओठ तरी ओले होतील का?"

"बघू या," महाराज म्हणाले. "पेला तुम्हीच फिरवायचा आहे, दौलतराव."

दुपार कलल्यावर उपासना सुरू झाली. घडाचा रस निघाला तो पेल्याच्या तळाशी दोन बोटे. महाराजांनी प्रार्थना केली, भाकर मोडली आणि पेला दौलतरावांच्या हाती दिला. दौलतराव पहिल्या रांगेपाशी गेले. पहिल्या माणसाने घोट घेतला, दुसऱ्याने घेतला. सगळे आपले ओठ टेकवून पुढे देत होते, मागच्यांना उरावे म्हणून. "नीट घ्या," महाराज म्हणाले. मग लोक नीट घेऊ लागले. दुसरी रांग झाली, तिसरी झाली. पेला दौलतरावांच्या हातात होता, त्यामुळे जे इतरांना उशिरा कळले ते त्यांना आधी कळले. पेला हलका होत नव्हता. त्यांनी आत पाहिले. तळाशी दोन बोटे रस होता, आधी होता तेवढाच. पाचव्या रांगेशी त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. बायकांच्या रांगा सुरू झाल्या. रिबकाने घोट घेतला आणि पेल्यात पाहून ती दौलतरावांकडे पाहत राहिली. शेवटची म्हातारी झाली तेव्हाही पेल्यात दोन बोटे रस होता.

दौलतराव उंबरठ्याशी आले. तीन वर्षे येथूनच ते माघारी वळत होते. बाहेर दगडावर सीलास बसला होता. त्याने वर पाहिले नाही. पेला वळताना आपला चेहरा कोणाला दिसू नये म्हणून त्या क्षणी तो नेहमीच मान खाली घाली.

या वेळी पावले मागे गेली नाहीत. सीलासला दौलतरावांचे जोडे घातलेले पाय दिसले, मग ते जोडे काढलेले दिसले. मग अनवाणी पाय उंबरठा ओलांडून बाहेर आले.

"मंडळी," दौलतराव म्हणाले, आणि हे ते आत तोंड करून म्हणाले, सर्वांना ऐकू जाईल असे. "या माणसाचे डोळे मी बांधले होते. याच उपरण्याने. देवळाची वेल मीच पुढे केली. महाराजांनी विचारलं तेव्हा याने माझं नाव घेतलं नाही, आणि मी याला साडेतीन वर्षं इथं बसवून ठेवलं. छाटायचं तर मला छाटायला हवं होतं."

दौलतरावांनी पेला रिबकाच्या हाती दिला, खांद्यावरचे जरीकाठी उपरणे काढून सीलासच्या दगडापुढे पसरले, त्याच्यावर गुडघे टेकले आणि सीलासच्या पायांवर डोके ठेवले.

सीलास घाबरून उठला. "आवो दौलतराव, हे काय? कात्री माझ्या हातात व्हती."

"हो," दौलतराव डोके न उचलता म्हणाले, "पण डोळे तुझे होते आणि गाठ माझी होती."

महाराज उंबरठ्याशी आले होते. "दौलतराव," ते म्हणाले, "तुम्हालाही आता काही दिवस या दगडावर बसावे लागेल. पण ऐकून ठेवा, मी शिक्षा देतो आहे, सोडून देत नाही."

"ऐकू आलं, महाराज," दौलतराव म्हणाले.

मग रिबकाने पेला पुढे केला. सीलासने तो घेतला. तिने खालून आधार दिला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, आणि त्याच्या तोंडून एवढेच निघाले, "गोड हाय." त्याने पेला परत दिला तेव्हा तो रिकामा होता.

वेल कोणी उपटली नाही. मंडपासाठी आणलेले दगड तिच्या भोवती कठडा बांधायला लागले आणि तो कठडा सीलासनेच बांधला. त्या वर्षीची खरड छाटणी महाराजांच्या देखत झाली, सीलासच्या हाताने, उघड्या डोळ्यांनी. रोज सकाळी नदीवरून दोन घागरी मात्र दौलतराव आणीत. ज्या दिवशी त्यांची शिक्षा संपली त्या दिवशी त्यांना उंबरठ्याच्या आत घ्यायला सीलास स्वतः गेला, आणि वेलीखालून जाताना दौलतराव इतके वाकले की कपाळ उंबरठ्याला लागले. ज्याचा मार एवढा प्रेमाचा, त्या परमेश्वराचे नाव धन्य असो.